जुने विमान, त्याची निगा आणि आपले गद्य

ऑक्टोबर २०२२ मध्ये विदर्भातील वर्तमानपत्रे काही दिवस एकाच विषयाने भरून गेली होती. टाटा आणि एअरबस यांचा सी-२९५ या मालवाहू विमानांचा कारखाना नागपूरच्या मिहानमध्ये येईल अशी अपेक्षा होती. तो वडोदऱ्याला जाणार असे जाहीर झाले. अग्रलेख आले, आरोप-प्रत्यारोप झाले, गेलेल्या रोजगाराचे हिशेब मांडले गेले. एकूण ५६ विमाने, सुमारे २२,००० कोटी रुपये, १६ विमाने स्पेनमधून तयार येणार आणि ४० भारतात बांधली जाणार, हे आकडे ज्याच्या त्याच्या तोंडी होते. या गदारोळात एक साधा प्रश्न मात्र फारसा कानी पडला नाही. ही नवी विमाने ज्या जुन्या विमानांच्या जागी येणार ती विमाने कोणती, आणि इतकी वर्षे ती कोणी उडती ठेवली?

साहित्य शिकवणाऱ्यांनी या प्रश्नात का पडावे, अशी शंका वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. आमच्या मते हा प्रश्न जितका उद्योगधोरणाचा तितकाच भाषेचाही आहे. कारखाना 'आला' किंवा 'गेला' याविषयी लिहिण्यास मराठीत शब्दांची कधीच वाण पडली नाही. एखादे यंत्र साठ वर्षे चालते ठेवणे या कामाविषयी लिहिण्याची सवय मात्र आपल्या गद्याला लागलेली नाही. ही उणीव चंद्रपूर-गडचिरोलीसारख्या जिल्ह्यांत अधिक जाणवते. तिची कारणे आणि तिच्यावरचा उपाय यांचा विचार या लेखात करावयाचा आहे.

प्रथम विमानाविषयी. सी-२९५ ज्याची जागा घेत आहे ते ॲव्रो-७४८ मूळचे ब्रिटिश बनावटीचे. परवान्याखाली ते कानपूर येथे तयार होऊ लागले आणि कानपूरच्या पहिल्या विमानाने १ नोव्हेंबर १९६१ रोजी उड्डाण केले. पुढे हिंदुस्थान एरोनॉटिक्सने अशी एकूण ८९ विमाने बांधली. बहुसंख्य हवाई दलाकडे गेली, काही इंडियन एअरलाइन्सकडे. याच जातीचे, पण अधिक दणकट विमान म्हणजे सोव्हिएत बनावटीचे एएन-३२. भारताच्या गरजा डोळ्यांसमोर ठेवूनच ते घडवले गेले आणि १९८४ साली हवाई दलात दाखल झाले. त्याच्याही आधी, १९६१ ते १९९३ या काळात, चार इंजिनांचे एएन-१२ लडाखच्या चौक्यांना धान्य, रॉकेल आणि माणसे पोचवीत होते.

ही तिन्ही विमाने टर्बोप्रॉप आहेत. त्यांत जेट विमानासारखेच गॅस टर्बाइन असते. फरक असा की त्या टर्बाइनची बहुतेक शक्ती दंतचक्रांच्या पेटीतून पंख्याकडे जाते आणि पंखा विमानाला पुढे ओढतो. वेग कमी मिळतो, पण तोकड्या, ओबडधोबड धावपट्टीवरून उठण्याचे आणि तिथेच उतरण्याचे सामर्थ्य येते. पंख्याच्या पात्यांचा कोन उडता उडता बदलता येतो. एखादे इंजिन बंद पडले तर त्याची पाती वाऱ्याला धार दाखवतील अशी फिरवावी लागतात. ती आडवी राहिली तर तोच पंखा विमानाला मागे खेचतो. समुद्रसपाटीपासून १६,००० फुटांहून उंच असलेल्या दौलत बेग ओल्डीच्या कच्च्या पट्टीवर ३१ मे २००८ रोजी, ४३ वर्षांच्या खंडानंतर, हवाई दलाचे विमान उतरले, ते एएन-३२ होते. त्या वेळी या जातीच्या विमानांना सेवेत येऊन चोवीस वर्षे होत आली होती.

चोवीस किंवा साठ वर्षांचे विमान उडते याचा अर्थ असा की त्यातील पुष्कळ भाग वेळोवेळी बदललेले असतात. इंजिने ठरावीक तासांनंतर उतरवून उघडली जातात, रिव्हेटच्या रांगा तपासल्या जातात, धातूचा थकवा मोजला जातो. त्यातून सुटे भाग ज्या देशाने पुरवायचे तो देशच नाहीसा झाला तर? सोव्हिएत संघ १९९१ साली विसर्जित झाला आणि एएन-३२ चा कारखाना युक्रेनमध्ये राहिला. २००९ साली युक्रेनशी शंभरावर विमानांच्या आधुनिकीकरणाचा करार झाला; काही विमाने तिकडे आणि बाकीची कानपूरच्या हवाई दलाच्या डेपोत नवी व्हायची होती. २०१४ नंतर रशिया-युक्रेन संघर्षाने त्या पुरवठ्यातही अडथळे आणले. अशा अडचणींतून वाट काढणे हेच ज्या खात्याचे काम, त्या हवाई दलाच्या मेंटेनन्स कमांडचे मुख्यालय कोठे आहे? नागपूरला, वायुसेनानगरात. म्हणजे जो उद्योग विदर्भाला मिळाला नाही म्हणून आपण हळहळलो, त्याची दुसरी आणि अधिक दीर्घ बाजू आधीपासून विदर्भात नांदत आहे. तिच्याविषयी ललित तर सोडाच, चांगले वृत्तपत्रीय लेखनही मराठीत विरळाच.

याउलट एक गंमत पाहा. नागपूरच्याच विमानतळावर १९९१ साली एक बोइंग-७२० विमान येऊन थांबले ते २०१५ पर्यंत तसेच पडून राहिले. जवळजवळ चोवीस वर्षे त्याच्यावर बातम्या, दंतकथा आणि विनोद रचले गेले. निकामी यंत्राला आपल्याकडे कथा मिळते, अपघात झालेल्या यंत्राला बातमी मिळते, नव्या यंत्राला स्वागताचा लेख मिळतो. रोज चालणाऱ्या जुन्या यंत्राच्या वाट्याला यांतले काहीच येत नाही.

आता माणसांविषयी. जुन्या मालवाहू विमानात वैमानिक आणि सहवैमानिक यांच्याखेरीज दिशा सांगणारा नेव्हिगेटर असतो, इंजिनांचे तापमान आणि तेलाचा दाब यांवर नजर ठेवणारा फ्लाइट इंजिनिअर असतो, मालाची जबाबदारी घेणारा लोडमास्टर असतो. नव्या विमानांत नेव्हिगेटर आणि फ्लाइट इंजिनिअर यांची कामे संगणक करतो. जगभरच ही पदे संपत आली आहेत. एखादा धंदा संपताना त्याच्यासोबत बोलण्याची एक रीतही संपते, हे गिरणगावाच्या बाबतीत आपण अनुभवले आहे.

यांपैकी लोडमास्टरचे काम विशेष लक्ष देण्याजोगे आहे. विमानात माल भरणे म्हणजे पोती रचणे नव्हे. प्रत्येक नगाचे वजन आणि पुढच्या टोकापासून त्याचे अंतर यांचा गुणाकार करून साऱ्या विमानाचा गुरुत्वमध्य ठरावीक मर्यादेत आणावा लागतो. भार मागे गेला तर नाक वर उचलले जाते आणि ते खाली आणणे वैमानिकाच्या हातात राहत नाही. साखळ्या आणि पट्टे किती, कोणत्या कोनात, याचेही गणित असते. एप्रिल २०१३ मध्ये अफगाणिस्तानातील बग्राम तळावरून उठलेल्या एका मालवाहू जंबो जेटमधील लष्करी वाहने सुटून मागे सरकली आणि काही क्षणांत विमान कोसळले. सातही कर्मचारी मृत्युमुखी पडले. वैमानिकाच्या कौशल्यावर कथा रचणाऱ्यांना हे ठाऊक नसते की त्या कौशल्याला वाव राहील की नाही याचा निकाल जमिनीवर, साखळी आवळणाऱ्या हातांनी, आधीच लावलेला असतो.

असे लेखन मराठीच्या प्रकृतीतच नाही, असे कोणी म्हणेल. ते आम्हांस मान्य नाही. ग्रामीण साहित्य वाचणाऱ्या कोणालाही बैलगाडीचे अवयव ठाऊक असतात: आस, तुंबा, आरे, धाव, जू, शिवळा. आमच्याकडची बंडी, खाचर आणि रेंगी यांच्यातला फरक झाडीपट्टीतले शाळकरी पोरही सांगेल. वंगण केव्हा घालावे, धाव केव्हा तापवून चढवावी, आसातून येणाऱ्या आवाजाचा अर्थ काय, हे सारे मराठी गद्यात आले, कारण ते लिहिणारी माणसे त्या कामाच्या सहवासात वाढली होती. लाकडी चाकाची निगा सांगू शकणारी भाषा धातूच्या पंख्याची निगा सांगू शकणार नाही, असे मानण्यास काही आधार नाही.

मग अडले कुठे? आम्हांला त्याची दोन कारणे दिसतात. पहिले असे की मर्ढेकरांच्या 'काही कविता' (१९४७) नंतर आपल्या समीक्षेने यंत्राकडे पाहण्याची एक दृष्टी जवळजवळ कायम केली. यंत्र म्हणजे माणसाचे माणूसपण हिरावणारी शक्ती, ही ती दृष्टी. तिच्यात तथ्य होते आणि आहे. पुढे नारायण सुर्वे यांच्या कवितेने यंत्रामागचा कामगार आणला. पण कामगाराचे शोषण, त्याचा लढा, त्याची चाळ हे जेवढे आले तेवढे त्याचे कसब आले नाही. यंत्रावर प्रेम करणारा, त्याची खोड ओळखणारा, त्याच्यावर चिडणारा माणूस अधांतरीच राहिला. दुसरे कारण वर्गाचे आणि जातीचे आहे. हाताला तेल लागणारे काम करणारा आणि लिहिणारा, या दोन व्यक्ती आपल्याकडे दीर्घकाळ निरनिराळ्या समाजांतून आल्या. दलित आणि ग्रामीण साहित्याने ही भिंत पुष्कळ अंशी पाडली. परंतु त्या साहित्याचा अभ्यास करताना आपण त्यातील वेदनेचे प्रश्न विचारतो, त्यातील कारागिरीचे प्रश्न क्वचितच विचारतो.

अन्यत्र काय घडले ते पाहू. आँत्वान द सेंत-एक्झुपेरी हा फ्रेंच लेखक दक्षिण अमेरिकेतील टपाल विमानसेवेत काम करीत होता. रात्रीच्या टपाल उड्डाणांवरची त्याची कादंबरी १९३१ साली प्रसिद्ध झाली आणि तिच्या केंद्रस्थानी वैमानिकाइतकाच जमिनीवरून सारी सेवा चालवणारा अधिकारी आहे. नेव्हिल शूट हा इंग्रज कादंबरीकार व्यवसायाने विमान अभियंता. त्याच्या 'नो हायवे' (१९४८) या कादंबरीतला शास्त्रज्ञ सांगतो की अमुक तास उडाल्यानंतर या विमानाचे शेपूट धातूच्या थकव्याने तुटेल, आणि त्याचे कोणी ऐकत नाही. सहा वर्षांनी, १९५४ साली, दोन कॉमेट विमाने हवेतच फुटली आणि चौकशीत कारण निघाले ते धातूचा थकवा. कादंबरीने भविष्य वर्तवले असा दावा आम्ही करीत नाही. आमचे म्हणणे इतकेच की देखभालीच्या प्रश्नाला कादंबरीचा विषय होण्याइतके नैतिक वजन असते, हे त्या लेखकाने ओळखले होते.

आणि आपल्या दारात काय होते? १९४९ साली सुरू झालेल्या रात्रीच्या टपाल विमानसेवेचे केंद्र नागपूर होते. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथून निघालेली डाकोटा विमाने मध्यरात्री सोनेगावला एकत्र येत, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल होई, आणि पहाटेपर्यंत ती आपापल्या शहरी परतत. ती पिस्टन इंजिनांची विमाने होती, टर्बोप्रॉप युगाच्या आधीची. पण काम तेच. सत्तरच्या दशकापर्यंत देशाची पत्रे रोज रात्री विदर्भाच्या मातीवर हातांतून हातांत गेली. सेंत-एक्झुपेरीच्या कादंबरीचा सारा ऐवज असा वर्षानुवर्षे आपल्यासमोर मांडलेला होता. आम्ही आजवर शिकवलेल्या एकाही अभ्यासक्रमात त्याच्यावरचा एक उतारासुद्धा नाही.

चंद्रपूर-गडचिरोलीच्या दृष्टीने हा विषय दूरचा वाटेल. चंद्रपूरजवळ मोरव्याला एक लहान धावपट्टी आहे. गडचिरोलीतले आकाश हेलिकॉप्टरचे आहे. निवडणूक आली की भामरागड, एटापल्ली, सिरोंचा भागांतील दुर्गम केंद्रांवर जाणारे मतदान कर्मचारी हवाई मार्गाने पाठवले जातात. आमच्यासारख्या प्राध्यापकांच्याही वाट्याला ही ड्यूटी येते. हेलिकॉप्टरचे इंजिन हेही गॅस टर्बाइनच, टर्बोप्रॉपचे सख्खे भावंड. मतदानयंत्रांच्या पेट्या कुठे ठेवायच्या, कोणी कुठे बसायचे, हे खुणेने सांगणारा कर्मचारी तिथे असतो, कारण पंख्याच्या आवाजात शब्द निरुपयोगी होतात. त्याच्या त्या खुणा म्हणजे लोडमास्टरचेच गणित. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर येऊन भामरागडचा संपर्क तुटतो तेव्हा आकाशातून येणाऱ्या मदतीची किंमत काय असते, हे तिथल्या माणसाला सांगावे लागत नाही.

पण याच जिल्ह्यात त्या आवाजाला दुसराही अर्थ आहे. जंगलावरून जाणारे हेलिकॉप्टर म्हणजे चकमक, जखमी जवान, बंदोबस्त, हे अनेक वर्षांचे समीकरण आहे. मालवाहू विमानही निरागस नसते. १९७१ च्या युद्धात एएन-१२ विमानांच्या मागच्या दारातून बॉम्ब लोटून पाकिस्तानातील चांगा मांगा जंगलातला दारूगोळ्याचा साठा लक्ष्य करण्यात आला होता. धान्य नेणारे विमान आणि बॉम्ब टाकणारे विमान एकच असू शकते. म्हणून आम्ही जे लेखन मागत आहोत ते यंत्राची किंवा गणवेशाची आरती नव्हे. कामाचे तपशील प्रामाणिकपणे लिहिले की त्या कामाचा उपयोग कशासाठी झाला हा प्रश्न आपोआप समोर येतो. गौरवाच्या भाषेत तो झाकला जातो.

या मुद्द्याचे गांभीर्य अपघातांच्या संदर्भात अधिक स्पष्ट होते. ७ फेब्रुवारी १९६८ रोजी चंडीगडहून लेहला निघालेले एक एएन-१२ खराब हवामानामुळे माघारी वळले आणि हिमालयात नाहीसे झाले. त्यात १०२ माणसे होती. अवशेष मिळाले ते २००३ साली, गिर्यारोहकांना. २०२४ साली, ५६ वर्षांनी, आणखी चार मृतदेह हाती आले. २२ जुलै २०१६ रोजी तांबरमहून पोर्ट ब्लेअरला निघालेले एएन-३२ बंगालच्या उपसागरावर २९ जणांसह बेपत्ता झाले. त्याचे अवशेष सुमारे ३,४०० मीटर खोल समुद्रतळाशी असल्याचे जानेवारी २०२४ मध्ये जाहीर झाले. ३ जून २०१९ रोजी जोरहाटहून मेचुकाला निघालेले एएन-३२ अरुणाचलच्या डोंगरात कोसळले आणि १३ जण गेले. त्या यादीत विंग कमांडर होते आणि अगदी खालच्या हुद्द्यावरचे कर्मचारीही होते. अशा वेळी आपली भाषा 'वीरमरण' या शब्दापाशी थांबते. शब्द आदराचा आहे, त्याला आमची हरकत नाही. पण विमान किती जुने होते, ते शेवटचे केव्हा तपासले गेले, ते शोधण्याची साधने कोणती होती, हे विचारण्यासाठी निराळी, कोरडी, तपशिलाची भाषा लागते. ती समाजात रुजलेली नसेल तर शोक होतो आणि जाब विचारायचा राहून जातो. देखभालीचे गद्य नसण्याची खरी किंमत ही आहे.

जुन्या विमानांविषयीचा हा आग्रह स्मरणरंजनातून आलेला आहे, असा आक्षेप घेतला जाईल. ॲव्रो आता निवृत्तीच्या वाटेवर आहे. वडोदऱ्याच्या कारखान्याचे उद्घाटनही ऑक्टोबर २०२४ मध्ये झाले. ते योग्यच आहे. सुरक्षिततेच्या प्रश्नात हळवेपणाला जागा नाही. परंतु नवी विमानेही तीस-चाळीस वर्षे चालवायची असतात. नव्याचा नवेपणा दोन वर्षांत सरतो आणि मग उरते ती निगाच. मिहानमध्ये २०१५ पासून विमानांच्या देखभाल-दुरुस्तीचे मोठे केंद्र आहे. भद्रावतीची ऑर्डनन्स फॅक्टरी, चंद्रपूरचे महाऔष्णिक वीजकेंद्र, बल्लारपूरचा कागद कारखाना, वेकोलिच्या खाणी: आमच्या वर्गांतल्या मुलांपैकी कितीतरी जणांचे वडील आणि भाऊ अशाच ठिकाणी यंत्रे चालती ठेवण्याचे काम करतात. याच मुलांना 'विज्ञान: शाप की वरदान' या विषयावर निबंध लिहायला सांगितला जातो. 'बाबांनी आज कोणता बिघाड कसा शोधला' यावर लिहा असे त्यांना क्वचितच कोणी सांगते.

या संदर्भात एक वस्तुस्थिती सांगण्याजोगी आहे. २६ जानेवारी २०१९ च्या संचलनात एएन-३२ विमानाने दहा टक्के जैवइंधन मिसळून उड्डाण केले. ते तेल मोगली एरंडाच्या बियांचे होते आणि बिया आल्या होत्या छत्तीसगडमधून, म्हणजे गडचिरोलीच्या सीमेला लागून असलेल्या राज्यातून. बियांपासून इंजिनापर्यंतच्या या प्रवासात किती हात लागले असतील! दूरचे वाटणारे विमान असे अनपेक्षितपणे आपल्या परिसराशी येऊन जोडले जाते. ही जोडणी दाखवणे हे आमच्या मते गद्याचेच काम आहे.

पारिभाषिक शब्दांची अडचण पुढे केली जाते, तिच्याविषयी थोडे. 'लोडमास्टर'ला मराठी प्रतिशब्द कोणता, यावर समिती नेमण्याची गरज आम्हांला वाटत नाही. काम करणारी माणसे बोलतातच. विमानाच्या बिघाडाला ती 'स्नॅग' म्हणतात, आणि त्याच वाक्यात एखाद्या इंजिनाची 'खोड' असा शब्दही येतो. बैलाला लावलेला हा शब्द इंजिनाला लागतो तेव्हा भाषेने ते यंत्र आपल्या गोठ्यात बांधलेले असते. कोशातले शब्द नंतर आले तरी चालतील. बोलण्यातले शब्द आधी टिपले पाहिजेत, कारण ते बोलणारे आता सत्तरीच्या घरात आहेत.

म्हणून मराठीच्या अध्यापकांपुढे आम्ही एक सूचना ठेवतो. पदव्युत्तर वर्गांना लघुप्रबंध किंवा प्रकल्प असतोच. दर वर्षी त्यांतले निदान दोन-तीन विषय निगेच्या कामावर द्यावेत. नागपूर, चंद्रपूर, बल्लारपूर येथे हवाई दलातून निवृत्त झालेले तंत्रज्ञ, वीजकेंद्रातले फिटर, आयटीआयचे निदेशक, एसटीच्या आगारातले मेकॅनिक राहतात. विद्यार्थ्यांनी त्यांच्यापाशी बसावे, त्यांचे बोलणे त्यांच्याच शब्दांत, त्यांच्याच झाडीबोलीत किंवा वऱ्हाडीत उतरवून घ्यावे, आणि एका यंत्राच्या एका बिघाडाची पूर्ण हकीकत लिहावी: लक्षण काय होते, संशय कशावर गेला, कोणता भाग उघडला, काय निघाले, सही कोणी केली. त्यात अलंकार नसले तरी चालेल. क्रम चुकता कामा नये. मूल्यमापनात शुद्धलेखनाइतकेच गुण या क्रमाला द्यावेत.

अशा पन्नास हकिकती जमल्या तर त्यांतून साहित्य निर्माण होईलच, अशी हमी आम्ही देत नाही. पण जो लेखक उद्या या विषयाकडे वळेल त्याला निदान शब्द तयार मिळतील. आणि एखादे जुने विमान पुन्हा परतले नाही, तर कोणते प्रश्न विचारायचे हे ठाऊक असलेले काही वाचक तरी आपल्या भाषेत असतील.